सोडायची मुभा

ऑगस्ट लागला की मला दोन आवाज ऐकू यायला लागतात. पहिला पुण्याचा. बाहेर भुरभुर पाऊस, भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तमच्या प्राथमिक फेऱ्या, आणि पडदा उघडायच्या आधी मागच्या रांगेतून कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडतंय, ‘अरे आवाज कुणाचा!’ दुसरा इथला, मिनेसोटाचा. कुठल्यातरी छोट्या कॉलेजच्या मैदानावर सकाळी सकाळी शंभर-दीडशे पोरं गोळा झालीत, खांद्यावर पॅड्स, हातात हेल्मेट, आणि कोच एकेक नाव पुकारतोय. पहिला आवाज आता नुसता आठवणीतला. दुसऱ्यासाठी मात्र मी सप्टेंबरपासून एक शनिवार सोडून गाडी काढतो. यंदा तर त्या नावांमध्ये एक मराठी आडनावही आहे. तर आजचा विषय छोट्या कॉलेजांचा फुटबॉल आणि तोंडावर आलेला सीझन.

(फुटबॉल म्हणजे अमेरिकन. ज्यात पायापेक्षा हाताचं काम जास्त आणि तरी नाव फुटबॉल, तो. यावर सगळे विनोद करून झालेले आहेत, मी भर घालत नाही.)

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण टीव्हीवर जो कॉलेज फुटबॉल दिसतो तो हा नव्हे. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएए या संघटनेने १९७३ साली कॉलेजांचे तीन भाग पाडले. पहिल्या भागात लाखभर माणसं बसतील अशी स्टेडियम्स आणि कोट्यवधी डॉलरचे कोच. तिसऱ्या भागात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, एक साधा नियम: खेळासाठी म्हणून स्कॉलरशिप द्यायची नाही. एक डॉलरसुद्धा नाही. फुटबॉल खेळणारी अशी सुमारे २४० कॉलेजं आहेत. त्यात एमआयटी आहे, जॉन्स हॉपकिन्स आहे, कार्नेगी मेलन आहे. म्हणजे ज्यांच्या नावांसाठी आपण जीआरईच्या शब्दांच्या याद्या पाठ केल्या, ती मंडळी शनिवारी दुपारी एकमेकांना आडवं पाडत असतात, हे मला इथं येऊन कितीतरी वर्षं माहीतच नव्हतं.

शिकागो विद्यापीठाची गोष्ट तर फारच मजेदार. हे एकेकाळी फुटबॉलमधलं बडं प्रस्थ. एमस अलॉन्झो स्टॅग हे तिथं चाळीस वर्षं कोच होते. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइजमन ट्रॉफी १९३५ साली पहिल्यांदा दिली गेली, ती शिकागोच्याच जे बर्वांगरला. आणि १९३९ साली विद्यापीठाने फुटबॉल चक्क बंद करून टाकला. रिकाम्या पडलेल्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षक-गॅलरीखाली २ डिसेंबर १९४२ रोजी फर्मी आणि मंडळींनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी सुरू करून दाखवली. पुढे १९६९ साली फुटबॉल परत आला, पण छोटा होऊन. आज शिकागो डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतं आणि या डिव्हिजनच्या फायनलला नाव आहे स्टॅग बोल. खेळ सोडता येतो, परत धरता येतो, आणि मधल्या काळात अणुभट्टीही बांधता येते. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक सांगतो, मग मुद्द्यावर येतो. आमच्या मिनेसोटात नॉर्थफील्ड नावाच्या गावात कार्लटन आणि सेंट ओलाफ अशी दोन कॉलेजं आहेत. १९७७ साली त्यांनी मेट्रिक फुटबॉल मॅच खेळली. यार्डांऐवजी मीटर! मैदान शंभर मीटरचं, खेळाडूंची उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत. कल्पना कार्लटनच्या केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांची आणि मॅचचं नाव ‘लिटर बोल’. सेंट ओलाफने ४३-० अशी जिंकली. अमेरिका त्यानंतरही यार्डातच मोजत राहिली, पण असा उद्योग फक्त छोट्या कॉलेजांनाच सुचू शकतो. ज्याच्यावर कुणाचे पैसे लागलेले नाहीत त्यालाच अशी गंमत परवडते.

आता मुद्दा.

मार्चमध्ये एका शनिवारी मित्राचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. त्याचा मुलगा बारावीत. हायस्कूलच्या टीममध्ये चार वर्षं खेळलेला, मार्क चांगले, कॉम्प्युटर सायन्सला जाणार हे ठरलेलं. राज्याच्या मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला. आणि चिरंजीव म्हणतात, मी एका छोट्या कॉलेजात जाणार, कारण तिथं मला फुटबॉल खेळता येईल. ‘तुझं ऐकतो तो,’ मित्र म्हणाला, ‘जरा समजाव.’

मी गेलो. वहिनींनी चहा पुढे ठेवला आणि सगळी केस एका वाक्यात मांडली. ‘भावजी, पैसे आम्ही भरायचे आणि डोकं याने फोडून घ्यायचं, हा कुठला व्यवहार?’

या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. अर्धवटच आहे, खरं सांगायचं तर, आजही. पण पोराला घेऊन बाहेर चक्कर मारायला गेलो तेव्हा तो जे म्हणाला ते डोक्यातून जात नाही. मी आपलं नेहमीचं काकालोकांचं प्रवचन सुरू केलं होतं. यातून पुढे काय मिळणार, एनएफएल तर नाही ना, वगैरे. तो म्हणाला, ‘काका, मला कुणी पैसे देत नाहीये, म्हणून तर मी कधीही सोडू शकतो.’

घरी येऊन मी नियम वाचले (इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार). पोरगं बरोबर होतं. डिव्हिजन थ्रीमध्ये कॉलेजकडून मिळणारी कुठलीही आर्थिक मदत खेळावर अवलंबून असता कामा नये. त्याला फीमध्ये जी सवलत मिळाली होती ती मार्कांची. उद्या पहिल्याच आठवड्यात त्याने हेल्मेट कोचच्या टेबलावर ठेवलं आणि ‘मला नाही जमत’ म्हटलं, तरी त्याची फी एका डॉलरने वाढणार नाही. वरच्या डिव्हिजनमध्ये असं नाही. तिथं खेळ हीच फी. आणि २०२५ च्या जुलैपासून तर, कोर्टातल्या समझोत्यानंतर, मोठी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादाच एका विद्यापीठाला सगळे खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. ते झालं हे चांगलंच झालं. ज्यांच्या जिवावर हा धंदा चालतो त्यांना वाटा मिळायलाच हवा होता. पण मग ती नोकरी झाली, आणि नोकरी म्हटलं की सोडताना दहा वेळा विचार करावा लागतो.

तर माझं म्हणणं एवढंच: छोट्या कॉलेजच्या फुटबॉलची सगळी किंमत या एका मुभेत आहे. ‘निखळ आनंद’, ‘शुद्ध खेळ’ हे शब्द इथले वर्तमानपत्रवाले फार वापरतात, मला ते गोडगोड वाटतात. शुद्ध वगैरे काही नसतं. पण ज्याला कधीही सोडता येतं तो नोव्हेंबरच्या गारठ्यात, हरणाऱ्या टीममध्ये, एकही मिनिट मैदानावर न जाता टिकून राहतो, तेव्हा त्या टिकण्याला काहीतरी अर्थ असतो.

पण वहिनींचं वाक्य तसंच शिल्लक आहे, त्यामुळे त्याचे दोन्ही भाग घेऊ.

भाग एक, पैसे. यात कॉलेजं साव नाहीत. छोट्या कॉलेजांचं पोट फीवर चालतं. अमेरिकेत २००८ पासून जन्म कमी होत गेले, म्हणजे अठरा वर्षांची मुलं आता कमी होत जाणार. अशा वेळी फुटबॉल टीम हे गिऱ्हाईक आणण्याचं साधन होतं. हिशोब सोपा आहे. समजा शंभर पोरं, सवलत वजा जाता प्रत्येकी २५ हजार डॉलर, म्हणजे वर्षाला २५ लाख डॉलर. कोच, बस, हेल्मेटं यांचा खर्च यातून सहज निघावा. म्हणून कॉलेजं फुटबॉल नव्याने सुरू करतात. पण त्याने कॉलेज वाचतंच असं नाही. मिशिगनमधल्या फिनलंडिया विद्यापीठाने २०१५ साली टीम उतरवली, २०२३ साली विद्यापीठच बंद झालं. अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजने २००७ साली फुटबॉल परत आणला, २०२४ च्या मे अखेरीस कॉलेजला कुलूप लागलं. तेव्हा पोराच्या मागे लागलेला कोच गोड बोलायला लागला की आईबापांनी त्याला विचारावं: चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये जी मुलं आली त्यातली आज किती डिग्री घेऊन बाहेर पडली? ट्रॉफ्यांच्या कपाटापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. मित्राला मी हाच प्रश्न लिहून दिला. त्याने विचारला. कोचने आकडा दिला, आणि तो बरा होता.

भाग दोन, डोकं. इथं मात्र थट्टा नको. २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. कॉलेजपर्यंत फुटबॉल खेळलेल्या ५३ जणांचे मरणोत्तर दान केलेले मेंदू तपासले, त्यातल्या ४८ मध्ये सीटीई हा मेंदूचा आजार सापडला. ज्यांना त्रास होत होता त्यांच्याच घरच्यांनी बहुधा मेंदू दिले असणार, त्यामुळे खेळणाऱ्या दर दहातल्या नऊ जणांना हा आजार होतो असा याचा अर्थ नाही. पण ‘काही होत नाही हो’ असं म्हणायची सोय या आकड्याने संपली. बरं, धोका एखाद्या मोठ्या दणक्याचा तेवढाच नाही. वर्षानुवर्षं बसणाऱ्या बारीक बारीक धक्क्यांचाही आहे, आणि त्यातले बरेचसे प्रॅक्टिसमध्ये बसतात.

इथं मला कॉलेजव्हिलच्या म्हाताऱ्याची आठवण होते. मिनिआपोलिसहून वायव्येला दीड तासाच्या आत सेंट जॉन्स नावाचं कॉलेज आहे. बेनेडिक्टाइन साधूंचा मठ, तळी, मेपलची झाडं, आणि झाडांच्या कुशीत खोलगट जागेत मैदान. ऑक्टोबरमध्ये तिथं मॅच बघणं म्हणजे सुख. तिथं जॉन गॅलार्डी १९५३ ते २०१२ अशी साठ वर्षं कोच होते. आयुष्यात ४८९ मॅच जिंकल्या, कॉलेज फुटबॉलमध्ये एवढ्या कुणीच जिंकलेल्या नाहीत. आणि त्यांच्या प्रॅक्टिसमध्ये टॅकलिंग नाही. शिट्टी नाही. वजनं उचलायची सक्ती नाही. ‘कोच’ म्हणायचं नाही, नुसतं ‘जॉन’ म्हणायचं. आयव्ही लीगने २०१६ साली सीझनमधल्या प्रॅक्टिसमधून पूर्ण टॅकलिंग काढून टाकलं तेव्हा केवढी बातमी झाली होती. हा माणूस ते कितीतरी दशकं आधी करत होता, आणि जिंकत होता. २००३ च्या फायनलमध्ये सेंट जॉन्सने ओहायोच्या माउंट युनियनला हरवलं, तेव्हा माउंट युनियन सलग ५५ मॅच जिंकून आलेलं होतं.

आता मला सांगा, एकमेकांना न आपटता प्रॅक्टिस करून जर ४८९ जिंकता येतात, तर बाकीचे कोच कशाची वाट बघतायत? छोट्या कॉलेजांना तर सबबही नाही. टीव्हीचे करार नाहीत, नोकरी जाईल अशी मोठी भीती नाही. कोचला विचारायचा दुसरा प्रश्न हाच: आठवड्यातून किती दिवस पूर्ण टॅकलिंग? मित्राच्या मुलाच्या कोचने सांगितलं, सीझन सुरू झाल्यावर शून्य. हे ऐकून वहिनींचा चेहरा थोडासा सैल झाला, एवढंच म्हणेन.

आणि ही सोडायची मुभा कागदावरच असते का? माझ्या डोळ्यांसमोर याचं उत्तर म्हणून एकच उदाहरण येतं, आयोवातलं ग्रिनेल. अभ्यासाबद्दल नावाजलेलं छोटं कॉलेज. २०१९ च्या सीझनला ३९ खेळाडूंनी सुरुवात केली, तीन मॅचनंतर धड खेळू शकणारे उरले २८. फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा, बचावाचे अकरा. २८ मध्ये खेळायचं म्हणजे दमलेल्या, दुखावलेल्या पोरांना परत परत आत पाठवायचं. पोरं बसली, बोलली, आणि त्यांनी ठरवलं की यंदा पुरे. कॉलेजने उरलेल्या सातही मॅच रद्द केल्या. कुणाची स्कॉलरशिप गेली नाही, कुणाला कॉलेज सोडावं लागलं नाही. पुढे टीम परत उभी राहिली. त्या वेळी काही लोकांनी त्यांना नाजूक म्हणून हिणवलं. माझ्या मते त्या सीझनची सगळ्यात धाडसी खेळी तीच होती.

सोडण्याला दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. सेंट जॉन्स आणि सेंट पॉलचं सेंट थॉमस यांची मॅच म्हणजे इथला मोठा सण. २०१७ साली मिनिआपोलिसच्या बेसबॉल स्टेडियममध्ये ३७,३५५ माणसं आली, डिव्हिजन थ्रीचा विक्रम. त्याच सीझनमध्ये सेंट थॉमसने सेंट ओलाफला ९७-० हरवलं. दोन वर्षांनी लीगमधल्या बाकी कॉलेजांनी सेंट थॉमसला जायला सांगितलं, आणि २०२१ साली ते थेट डिव्हिजन वनमध्ये गेलं. सेंट जॉन्सशी त्यांची शेवटची फुटबॉल मॅच २०१९ ची. ‘आम्ही तुमच्याशी नाही खेळत’ म्हणायचाही हक्क असतोच, पण त्याची किंमत दरवर्षी ऑक्टोबरमध्ये माझ्यासारख्या प्रेक्षकाला द्यावी लागते.

असो. मी मगाशी म्हटलं की पोराचं वाक्य डोक्यातून जात नाही. त्याचं कारण फुटबॉल नाही.

इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षी आमची एकांकिका बसत होती. मला बरी भूमिका होती, दुसऱ्या प्रवेशात तर मीच होतो. आणि ऑगस्टमध्येच कॅम्पस इंटरव्ह्यू लागले. कुणी ‘सोड’ म्हटलं नव्हतं. मीच सोडली. माझ्या जागी दुसरा घेतला, एकांकिका झाली, काही अडलं नाही. नोकरी लागली, पुढचं तुम्हाला माहीतच आहे, कारण ते तुमचंही तेच आहे. मी चुकलो असं मी म्हणत नाही. पण तेव्हा मला सोडता आली ही गोष्ट मला आज जास्त महत्त्वाची वाटते, कारण आता सोडता येईल असं माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही. शेअर्स दर तीन महिन्यांनी थोडे थोडे हातात पडतात, म्हणजे पुढच्या तीन महिन्यांसाठी थांबायचं. ग्रीनकार्डची रांग आहे. घराचा हप्ता आहे. सोमवारी सकाळी मी ऑफिसला जातो ते मला जायचंय म्हणून की न जाण्याची सोय नाही म्हणून, हे मला खात्रीने सांगता येत नाही. तुम्हाला येतं का?

त्या पोराला येतं. निदान अजून चार वर्षं तरी येईल. म्हणून मी मित्राला सांगितलं, मी त्याला समजावणार नाही.

आता सीझनबद्दल. दहा मॅच, सप्टेंबर ते नोव्हेंबरचा मध्य. मग प्लेऑफ, ज्यात २०२४ पासून ४० टीम असतात. कोण जिंकेल याचं भविष्य मला विचारू नका. माउंट युनियनची तेरा विजेतेपदं, विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटरची सहा, आणि शिकागोजवळचं नॉर्थ सेंट्रल २०२१ ते २०२४ सलग चार फायनल खेळलेलं. जाणकार याच नावांभोवती घुटमळतील. मी यंदा वेगळा हिशोब ठेवणार आहे. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी नवी किती पोरं आली आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या मॅचला त्यातली किती उभी आहेत. आणि जी गेली ती सोडून गेली की मोडून गेली. हे आकडे स्कोअरबोर्डवर दिसत नाहीत, विचारावे लागतात.

आमचं पोरगं पहिल्या वर्षी खेळणार नाही हे जवळजवळ नक्की. दीडशेच्या टीममध्ये नवा आलेला रेषेबाहेर उभा राहून टाळ्या वाजवतो. पहिली घरची मॅच शनिवारी दुपारी एक वाजता. वहिनी अजूनही ‘मला हे पटलेलं नाही’ असंच म्हणतात. पण परवा फोन आला होता, तिथं बसायला बाकं असतात की खुर्च्या न्यायच्या, आणि थालीपीठं केली तर गार होतील का.

मी म्हटलं, खुर्च्या न्या. गारच खाऊ. आणि त्या आठवड्यात त्याने सोडलंच, तरी मॅच बघायला आपण जाऊच. त्यालाही घेऊन.